लोकप्रिय संगीत, कोल्हापुरातील

लोकप्रिय संगीत, कोल्हापुरातील : कोल्हापूर शहर व परिसर यांच्याशी निगडित असलेल्या कलावंतांनी विसाव्या शतकात रंगभूमी, बोलपट, ध्वनिमुद्रिका व नभोवाणी या माध्यमांतून निर्माण केलेले आणि बहुजनसमाजात रूढ झालेले संगीत. अभिजात संगीताच्या क्षेत्रात कोल्हापूरचे नाव अल्लादियाखाँ यांच्या वास्तव्यामुळे व जयपूर-अत्रौली घराण्यामुळे सर्वपरिचित आहे. त्याच शहराने लोकांच्या ओठांवर खेळणारे संगीतही विपुल प्रमाणात दिले. तथापि त्याचा विचार बहुधा आठवणींच्या व गौरवाच्या पातळीवरच राहिला. या संगीताचा कर्ता कोण व कीर्ती कोणाच्या वाट्यास आली, या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वत्र एक नाहीत. त्यांतील अंतर हाच प्रस्तुत पुनर्विचाराचा मुख्य विषय होय.

गायकनटांचा काळ : कोल्हापूरच्या लोकप्रिय गायकांत कालक्रमाने पहिले ठळक नाव केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे होय. बालनट म्हणून रंगभूमीवर आलेल्या केशवरावांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी स्थापन केली. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांना गायनाची तालीम मिळाली. उंच पट्टीतील, जोरकस व चपळ तानांचे गायन हे त्यांचे वैशिष्ट्य मानले जाते. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त मानापमानाच्या प्रयोगात त्यांनी धैर्यधराची व बालगंधर्वांनी भामिनीची भूमिका केली. या प्रयोगाची आख्यायिका पुढे इतकी वाढली, की त्यामागील संगीतविचार झाकोळून गेला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवरावांचे निधन झाले.

मानापमान (१९११) या नाटकाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हेही कोल्हापूरचेच. नाट्यपदांत पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांच्या चाली आणून त्यांनी नाट्यसंगीताला नवे वळण दिले. संयुक्त मानापमानाची कीर्ती दोन गायकनटांच्या नावे नोंदली गेली आणि चाली देणाऱ्याचे नाव जाणकारांपुरते उरले. लोकप्रिय संगीतातील रचनाकार व गायक यांच्या कीर्तीतील ही विषमता, म्हणजे, बोलपटाने निर्माण केलेली नाही; ती त्याला वारशाने मिळाली.

बोलपटाचा आरंभ : बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने मूकपटाच्या काळातच कोल्हापूरला चित्रपटनिर्मितीचे केंद्र बनविले होते. तेथून बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३२ चा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट प्रभातने कोल्हापुरातच तयार केला. त्याचे संगीत टेंबे यांचे असून हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. पडद्यावर दिसणारी व्यक्तीच गात असे. नाट्यसंगीतातील कंठ व देह यांचे ऐक्य या चित्रपटात टिकून होते आणि टेंबे यांच्या बाबतीत रचनाकार, गायक व नट ही तिन्ही नाती एकाच व्यक्तीत आली होती. कोल्हापूरच्या लोकप्रिय संगीतात असा योग पुढे क्वचितच आला.

१९३३ मध्ये प्रभात पुण्यास गेली. तरी कोल्हापुरातील निर्मिती थांबली नाही. कोल्हापूर सिनेटोन ही संस्था पुढे भालजी पेंढारकर यांच्याकडे येऊन जयप्रभा स्टुडिओ या नावाने ओळखली जाऊ लागली. मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये, वडिलांच्या निधनानंतर (१९४२), लहान वयाच्या लता मंगेशकर नोकरीस होत्या. याच शहरात जन्मलेले सुधीर फडके (१९१९–२००२) यांनी वामनराव पाध्ये यांच्याकडे संगीताचे शिक्षण घेतले आणि कोल्हापूरबाहेर जाऊन कीर्ती मिळविली. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणाच्या ५६ गीतांनी त्यांना महाराष्ट्रातील घराघरांत नेले. फडके हे स्वतः संगीतकार व गायक असल्याने त्यांची कीर्ती विभागली गेली नाही. शिवाय भक्तिपर विषयामुळे तिला आरंभापासूनच प्रतिष्ठा लाभली. ज्या लावणीप्रधान संगीताशी कोल्हापूरचे नाव लोकमानसात जोडले गेले, त्याच्या वाट्यास यांपैकी काहीच आले नाही.

चित्रपटातील लावणी : अनंत माने दिग्दर्शित सांगत्ये ऐका (१९५९) या चित्रपटाने तमाशापटांची लाट आणली. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. त्याचे संगीतकार वसंत पवार हे मूळचे कोल्हापूरचे व सतारवादक. त्यांच्या रचनांत ढोलकी, तुणतुणे व झीलकऱ्यांचा साथसंग यांचा लोकरंगभूमीवरील ठसा कायम आहे. परंतु मुखडा अधिक आटोपशीर, दोन कडव्यांमधील वाद्यमेळ योजनाबद्ध आणि लय सुरुवातीपासून निश्चित असते. रंगल्या रात्री अशा (१९६२), सवाल माझा ऐका (१९६४) व मल्हारी मार्तंड (१९६५) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट होत. १९६५ मध्येच त्यांचे अकाली निधन झाले.

या चित्रपटांतील लावण्यांमुळे सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांना ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी मिळाली. त्या मुंबईच्या. असे असूनही, रंगल्या रात्री अशा मधील ज्या लावणीतील नायिका स्वतःला कोल्हापूरची म्हणवते व तेथील मिरचीशी आपली तुलना करते, तिने त्यांचा आवाज कोल्हापूरशी कायमचा जोडला. लावणीगायनात त्यांचे मुख्य सामर्थ्य शब्दोच्चारात आहे. व्यंजनांवरील ठसका, ओळीच्या अखेरीस आवाज किंचित तोडण्याची ढब आणि द्वयर्थी शब्दावर न रेंगाळता पुढे जाण्याचा संयम यांमुळे शृंगार सूचित होतो, सांगितला जात नाही. त्या मंचावर डोक्यावरून पदर घेऊन, नृत्य वा हावभावांशिवाय गात. जी लावणी पाहण्याची मानली जाई, ती केवळ ऐकण्याची करून दाखविणे ही त्यांची खरी कामगिरी होय. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली व त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

याच लावण्यांतून जगदीश खेबुडकर (१९३२–२०११) यांचे नाव पुढे आले. कोल्हापूर जिल्ह्यातील हळदी येथे जन्मलेले खेबुडकर व्यवसायाने शिक्षक होते. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत त्यांचे घर जळाले व त्या अनुभवातून त्यांनी पहिली कविता लिहिली. जयप्रभा स्टुडिओही त्याच दंगलीत जळाला होता. पुढे त्यांनी तीनशेहून अधिक चित्रपटांसाठी गीते लिहिली. बोलीतील नेमका शब्द, चालीच्या वजनाबरहुकूम ओळ बसविण्याचे कौशल्य आणि भक्तिगीतापासून लावणीपर्यंतचा आवाका हे त्यांचे गुण होत. लावणीत स्त्रीच्या मुखाने बोलणारा कवी पुरुष असतो व ती स्त्री बहुधा पुरुषाला हवी तशीच बोलते, ही मर्यादा मात्र त्यांनाही ओलांडता आली नाही. १९७० नंतरच्या त्यांच्या काही लावण्यांत ठरीव उपमांची पुनरावृत्तीही जाणवते.

पिंजरा : व्ही. शांताराम यांचा पिंजरा (१९७२) हा या परंपरेचा कळस मानला जातो. संगीत मिरजेचे राम कदम (१९१६–९७) यांचे, गीते खेबुडकरांची व प्रमुख गायिका उषा मंगेशकर होत्या. कदम यांच्या चालींत वसंत पवारांपेक्षा बँडवादनाचा व ठळक तालाचा प्रभाव अधिक असून त्या समूहाने गाण्यास सोप्या आहेत. द ब्लू एंजल (१९३०) या जर्मन चित्रपटाशी नाते असलेल्या या कथेत तमासगीर स्त्रीच्या मोहाने एका आदर्श शिक्षकाचा नाश होतो. ज्या कलेला कथा विनाशाचे कारण ठरविते, तिच्याच गीतांवर चित्रपटाची कीर्ती उभी आहे. प्रेक्षकाने गीते घरी नेली व बोध चित्रपटगृहातच ठेवला, असे म्हणावे लागते. मात्र या कथेमुळे मध्यमवर्गाला लावणी निःशंक मनाने ऐकण्याची सोय झाली. तमाशातील स्त्रीविषयीची त्याची दृष्टी त्यामुळे बदलली नाही.

कीर्तीची विभागणी : पाश्चात्त्य पॉप संगीतात कीर्तीचा धनी शोधावा लागत नाही. एल्व्हिस प्रेस्ली यांच्यासारखा गायक गीते स्वतः लिहीत नसला, तरी त्याचा कंठ व देह एकच असतो. बीटल्ससारख्या वृंदात तर कवी, रचनाकार, वादक व गायकही तेच. मराठी चित्रपटगीतात हेच काम चारपाच व्यक्तींत वाटले जाते. सांगत्ये ऐका मधील सर्वांत गाजलेल्या लावणीचा कंठ आशा भोसले यांचा, नृत्य जयश्री गडकर यांचे, शब्द ग. दि. माडगूळकर यांचे व चाल वसंत पवारांची. लोकांच्या स्मरणात प्रथम पडद्यावरील चेहरा, नंतर कंठ, मग कवी असा क्रम लागतो. संगीतकार शेवटी येतो व ढोलकीवादक येतच नाही.

या क्रमाची परीक्षा पाहणारे एक उदाहरण कोल्हापुरातच घडले. भालजी पेंढारकरांच्या मोहित्यांची मंजुळा (१९६३), साधी माणसं (१९६५), तांबडी माती (१९६९) इ. चित्रपटांना ‘आनंदघन’ या टोपणनावाने संगीत मिळाले. साधी माणसं च्या संगीतास राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा समारंभात आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे उघड झाले. तोवर रचनाकाराच्या नावाचे कोणतेही वलय पाठीशी नसताना ती गीते लोकांनी स्वीकारली होती. यावरून चाल स्वतःच्या बळावर लोकप्रिय होऊ शकते, असा निष्कर्ष काढण्यात येतो. तो अर्धाच खरा आहे. कारण त्यांतील अनेक गीतांत कंठ लताबाईंचाच होता व तो लपविलेला नव्हता. हे उदाहरण चालीचे सामर्थ्य जितके दाखविते, त्याहून अधिक हे दाखविते, की रचनाकार कोण आहे, याची चौकशी करण्याची गरज श्रोत्यांना वाटली नाही.

आक्षेप व मूल्यमापन : चित्रपटाने अस्सल लावणी बिघडविली, हा आक्षेप जुना आहे. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर अदाकारी करीत, श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून विस्तार करण्यास वाव असतो. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांच्या गायनात ही शैली दीर्घकाळ जिवंत राहिली. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचीच मर्यादा असल्याने चित्रपटातील लावणीत हा विस्तार शक्य नव्हता. ही हानी खरी आहे. तथापि पवार व कदम यांनी बैठकीच्या लावणीचा संक्षेप केला, असे म्हणण्यापेक्षा तिच्या सामग्रीतून एक वेगळा गीतप्रकार घडविला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. त्याचे गुणदोष त्याच्याच निकषांवर पाहिले पाहिजेत. मुखड्याची पकड, शब्दांची स्पष्टता व तालाचा अचूक भार या तीन निकषांवर १९५९ ते १९६५ या काळातील पवारांच्या रचना आजही उणावत नाहीत. वाद्यमेळाचा समतोल पाहता त्या पिंजऱ्यातील अधिक प्रसिद्ध गीतांपेक्षा सरस वाटतात.

खरा आक्षेप कलात्मक नसून नैतिक आहे. ज्या संगीतबाऱ्यांतील व फडांतील स्त्रियांकडून हे सुरांचे व ठेक्यांचे भांडार आले, त्यांच्या वाट्यास नव्या कीर्तीतील अत्यल्प अंश आला. यमुनाबाईंसारख्या मोजक्या जणींना संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९७७) व पद्मश्री (२०१२) मिळाली. बहुतेकींची नावेही नोंदली गेली नाहीत. पडद्यावर ही भूमिका करणाऱ्या अभिनेत्रींनाही कीर्तीची किंमत मोजावी लागली. सांगत्ये ऐका मध्ये भूमिका केलेल्या हंसा वाडकर यांनी १९७० मध्ये आपल्या आत्मकथनास त्याच चित्रपटाचे नाव दिले व प्रसिद्धीमागील फरफट निःसंकोचपणे सांगितली. मराठी लोकप्रिय कलेच्या कीर्तीवरील टीकेचा तो एक अत्यंत प्रामाणिक दस्तऐवज होय. कारण त्यात टीकाकार व टीकाविषय एकच आहेत.

अवशेष : या संगीताच्या खुणा वेगाने पुसल्या जात आहेत. जयप्रभा स्टुडिओच्या जागेच्या विक्रीविरुद्ध २०२२ मध्ये कोल्हापुरात आंदोलन झाले. शाहू महाराजांच्या काळात बांधलेले व पुढे केशवराव भोसल्यांचे नाव दिलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत बेचिराख झाले. वास्तूंच्या नाशाची हळहळ व्यक्त झाली, ते योग्यच आहे. परंतु नाट्यगृह पुन्हा बांधता येते. ढोलकीच्या ज्या ठेक्यावर एक संपूर्ण गीत उभे आहे, तो वाजविणाऱ्याचे नाव एकदा विस्मृतीत गेले, की परत मिळवता येत नाही. वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या वरातींत व जत्रांत ही गीते अद्याप वाजतात. त्यांच्या लोकप्रियतेस नव्या गौरवाची गरज नाही. उणीव आहे ती अचूक नोंदीची. जुन्या गायक-गायिकांच्या गुणगानाबरोबर त्यांच्या साथीदारांची, सहायकांची व मूळ चाली देणाऱ्या तमासगिरांची नावे संकलित झाली, तरच या संगीताचा इतिहास आठवणींच्या पलीकडे जाईल.