अर्धयमकाची कैफियत

इंग्रजी कविता आपल्याकडे बहुधा डोळ्यांनीं वाचली जाते. त्यामुळें तिच्या यमकांचा निवाडाहि पुष्कळदां डोळेच करतात. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांचीं शेपटें कागदावर जुळतात, कानाला जुळत नाहींत. उलट ‘काइट’ आणि ‘हाइट’ यांचें लेखन निराळें असूनहि यमक निर्दोष आहे. शेवटच्या आघातयुक्त अक्षराचा स्वर व त्यापुढील सर्व ध्वनि सारखे असावे आणि त्या स्वरापूर्वींचें व्यंजन मात्र भिन्न असावें, म्हणजे पूर्ण यमक साधतें. येथें अक्षर म्हणजे लिपींतील खूण नव्हे, तर एका स्वराभोवतीं जमलेला उच्चार. या हिशेबानें व्यंजनांनीं लादलेला ‘स्ट्रेंग्थ’ हा शब्द एकाक्षरी, तर ‘अल्कोहोल’ त्र्यक्षरी. आणि त्याचा मुख्य आघात पहिल्या अक्षरावर.

जेथें केवळ अखेरचें व्यंजन जुळतें, त्या अर्धयमकाला आपले कित्येक रसिक कवीची असमर्थता समजतात. हा आरोप आम्हांस मान्य नाहीं.

एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीनें वारा व दंव पिऊन झिंगल्याचें वर्णन करणाऱ्या एका कवितेंत ‘पर्ल’शीं ‘अल्कोहोल’ची जोडी लावली होती. १८६१ सालीं स्प्रिंगफील्ड येथील एका दैनिकानें ती कविता निनांवी छापली, तेव्हां ‘अल्कोहोल’च्या जागीं ‘व्हर्ल’ हा शब्द आला. यमक पूर्ण झालें. कविता मात्र शुद्धीवर आली! आघातयुक्त ‘पर्ल’नंतर ‘अल्कोहोल’च्या दुबळ्या तिसऱ्या अक्षरावर पाऊल अडखळतें, आणि झिंगलेल्याचें पाऊल अडखळावयासच हवें. तिचे मूळ शब्द थॉमस जॉन्सन यांच्या १९५५ च्या आवृत्तींत वाचकांस मिळाले.

विल्फ्रेड ओवेन याची रीत याहून निराळी. ‘स्ट्रेंज मीटिंग’ या कवितेंत मारणारा आणि त्यानें मारलेला शत्रु एकमेकांस पाताळांत भेटतात. तेथें ‘हॉल’ला ‘हेल’ उत्तर देतो. देवनागरीच्या भाषेंत सांगावयाचें तर व्यंजनें तींच, स्वरचिन्ह तेवढें बदललेलें. दोन्ही सैनिक असेच आहेत: सांगाडा एक, प्राण तेवढा वेगळा. कान पूर्तीची वाट पाहतो आणि ती येत नाहीं. कवि स्वतः ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं, युद्धविरामाच्या आधीं अवघा एक आठवडा, रणांत पडला.

म्हणून प्रत्येक विसंवादी जोडी ही कलाच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आळसहि अर्धयमकाचा बुरखा घेऊं शकतो. त्याची परीक्षा सोपी आहे. तेथें पूर्ण यमक बसवून पाहावें. कवितेचें कांहीं बिघडलें नाहीं, तर दोष कवीचा. पण अर्थाचा प्राणच निघून गेला, तर दोष आपल्या कानाचा समजावा आणि कविता पुन्हां, या खेपेस मोठ्यानें, वाचावी.