गवत कोणत्या रकान्यात?

देशाचा २५.१७ टक्के भूभाग वनांनी आणि झाडांनी झाकलेला आहे, ही बातमी तुम्ही वाचली असेल. आकडा 'भारत वनस्थिती अहवाल २०२३' मधला, जो प्रत्यक्षात डिसेंबर २०२४ मध्ये आला. तो काढते डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था. १९८१ साली ती स्थापन झाली आणि १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी तिचा अहवाल येतो. उपग्रहाच्या प्रतिमांवर पीएचडी करणाऱ्या आमच्यासारख्यांची भाकरीच या अहवालावर आहे, त्यामुळे त्याच्याशी भांडायचा थोडा हक्कही आहे असं मी समजतो.

आधी मोजणी कशी होते ते बघू. उपग्रहाचा एक ठिपका २३.५ मीटर बाजूचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. प्रतिमा मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या. ढग गेलेले असतात आणि पानं अजून झाडावर असतात, म्हणून हे महिने. आपल्याकडचा साग मार्चपर्यंत झडून जातो, तेव्हा ही निवड बरोबरच आहे. मग व्याख्या: एक हेक्टरहून मोठा तुकडा आणि त्यावर १० टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असेल तर ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, याला महत्त्व नाही. फळबागाही त्यात येतात.

आता हे वर्ध्यात आणून बघा. कारंजा-आर्वी-आष्टी हा संत्र्याचा पट्टा. अडीच एकरांहून मोठी भरलेली संत्राबाग या व्याख्येत 'वन' म्हणून बसते. तिच्याच शेजारचं, पवन्या आणि मारवेल गवताचं कुरण मात्र बसत नाही. वनजमिनीवर दहा टक्क्यांच्या आतली तुरळक झाडं असतील तर त्याला 'झुडपी' म्हणतात, आणि नुसतं गवत असेल तर ते थेट 'वनेतर', म्हणजे रस्ते, शेतं, गावं यांच्याच रंगात. गवताला स्वतःचा रकानाच नाही.

गंमत बांबूची आहे. वनस्पतिशास्त्रात बांबू गवतच. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या बांबूला कायद्यानेही 'झाड' या व्याख्येतून वगळलं. पण अहवालात तो छत्र म्हणून धरला जातो, त्याचं स्वतंत्र प्रकरण असतं आणि बांबूंची संख्यासुद्धा अंदाजली जाते. कारण उघड आहे, बांबू विकला जातो. जैवअर्थव्यवस्थेची भाषा सुरू झाली की बांबू पहिल्या पानावर असतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण याच पट्ट्यात नंदा गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली गवळाऊ गाय गवतावरच उभी आहे. दूध, शेण, चपळ बैलजोडी ही जैवअर्थव्यवस्था नाही तर काय आहे? ती फक्त छत्राखाली होत नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, संस्थेचं काम छत्र मोजायचं, तिने व्याख्या कधी लपवलेली नाही. खरंय. पण आकडा डेहराडूनमध्ये राहत नाही ना! फेब्रुवारी २०२४ चे ग्रीन क्रेडिटचे नियम बघा. खराब झालेली जमीन म्हणून त्यात विरळ वन, झुडपी जमीन आणि पडीक जमीन धरली, आणि हेक्टरी किमान १,१०० झाडं लावायला सांगितली. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलले. आता पाच वर्षांनी ४० टक्के छत्र दिसलं तर क्रेडिट. झाडं नुसती लावून सोडून देण्यापेक्षा हे नक्कीच बरं. मात्र पवन्यासारखं गवत उन्हाचं आहे. ४० टक्के सावलीखाली ते मागे हटतं आणि चराई बंद केलेल्या रोपवनात ढोरंही शिरू शकत नाहीत. म्हणजे मोजणीतला रकाना आता थेट पैशाला बांधला गेलाय. ज्याला रकानाच नाही, ते कागदावर 'रिकामं' ठरतं आणि तिथे खड्डे खणले जातात.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. संस्थेला हे सगळं ठाऊक आहे! २०१९ च्या अहवालात वनाजवळची गावं सरपण, चारा, किरकोळ लाकूड आणि बांबूसाठी जंगलावर किती अवलंबून आहेत याचा अभ्यास होता. सरपणात महाराष्ट्र पहिला निघाला, चाऱ्यात मध्य प्रदेश. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतलं त्या अहवालांतलं सगळ्यात उपयोगी प्रकरण हेच. पण आकडे राज्याचे. आर्वी तालुक्यातल्या माणसाने त्यातून काय घ्यायचं? उलट छत्राचा आकडा जिल्हानिहाय मिळतो, त्यामुळे चर्चा त्याचीच होते. २०२१ पेक्षा वनाच्छादन १५६ चौ.किमी.ने वाढलं यावर लेख येतात, चाऱ्यावर येत नाहीत.

तांत्रिक अडचण आहे असंही नाही. सेंटिनेल-२ च्या प्रतिमा दहा मीटरच्या, पाच दिवसांआड आणि फुकट. कुरण पावसाळ्यात हिरवं होतं आणि दिवाळीनंतर झपाट्याने पिवळं पडतं, तर संत्रा बारमाही हिरवा. वर्षभराच्या प्रतिमा एकामागे एक लावल्या की फरक दिसतो. कपाशी-तुरीशी थोडी गल्लत होते, तिथे जमिनीवर जाऊन बघावं लागतं. संस्थेची पथकं ५ किमी बाय ५ किमीच्या जाळीतल्या नमुना प्लॉटवर जातातच. त्यांच्या प्रपत्रात चराईचं कुरण हा एक वर्ग वाढवावा आणि २०१९ चा तो चाऱ्याचा अभ्यास तालुकानिहाय पुन्हा करावा. सुरुवात आर्वी, आष्टी, कारंजापासून केली तरी चालेल.