वचन, घास आणि चर्वणा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका रूपकाविषयी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची समीक्षा बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. या वाङ्मयाची भाषा कितपत 'मराठी' आहे, हा एक; आणि त्यात धर्मप्रसार किती व वाङ्मय किती, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु दोहोंतही ग्रंथाकडे लेखकाच्या किंवा अनुवादकाच्या बाजूने पाहिले जाते. जो समाज हा ग्रंथ रोज वाचतो, ऐकतो, पाठ करतो, त्याच्या लेखी शास्त्रग्रंथ म्हणजे काय, हा प्रश्न मागेच राहतो. त्या समाजाचे स्वतःचे उत्तर एका रूपकात साठवलेले आहे : शास्त्र हे अन्न आहे. प्रवचनांतून 'आत्मिक अन्न' हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की ते रूपक आहे याची जाणीवही उरलेली नाही. ते पुन्हा रूपक म्हणून वाचले तर मराठी समीक्षेलाच काही अडचणीचे प्रश्न विचारता येतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बायबलमध्ये हे रूपक एकरूप नाही. अनुवादाच्या आठव्या अध्यायात मान्ना या अन्नाच्या आठवणीशी देववचनाची गरज जोडली आहे, आणि तेच वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू अरण्यात उपाशी असताना वापरतो. म्हणजे रूपकाचा उगम समृद्ध पंगतीत नसून उपवासात आहे. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात वचन मधाहून गोड ठरते. पेत्राच्या पहिल्या पत्रात ते तान्ह्या बाळाचे दूध होते, तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात दुधावरच थांबलेल्या वाचकाला ठपका मिळतो. त्याला एव्हाना जड अन्न पचायला हवे होते. सर्वांत विलक्षण प्रसंग यहेज्केलाचा. त्याच्यापुढे गुंडाळी येते, तिच्या दोन्ही बाजूंवर शोक आणि विलाप लिहिलेला आहे, आणि ती त्याला वाचायची नसून खायची आहे. ती तोंडात मधासारखी लागते. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायात हाच प्रसंग पुन्हा येतो, मात्र तेथे पुस्तक तोंडात गोड आणि पोटात कडू होते. दोन्ही ठिकाणी खाण्यापाठोपाठ येते ते बोलणे. खाणाऱ्याला लोकांपुढे जाऊन बोलायचे आहे, आणि त्याचे कोणी ऐकेल याची हमी नाही.

तोंडातली गोडी आणि पोटातला कडूपणा यांमधले हे अंतर आपल्या काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे आहे. आपला संपूर्ण रसविचार अन्नाच्याच रूपकावर उभा आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न खाणाऱ्या पुरुषाचा दृष्टांत दिला, आणि अभिनवगुप्ताने रसप्रतीतीसाठी 'चर्वणा' हा शब्द स्थिर केला. 'आस्वाद', 'रसिक', 'रुची' हे समीक्षेतील रोजचे शब्द स्वयंपाकघरातूनच आले आहेत. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायाच्या आरंभी ही कल्पना मराठीच्या अभिमानाशी जोडली : मराठी बोल असे रसाळ की कानांनाच जिभा फुटाव्यात आणि त्यांच्यासाठी इंद्रियांत तंटा लागावा. तेव्हा शब्द खाण्याची कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु येथेच भेद सुरू होतो. अभिनवगुप्ताच्या मते रसाचे अस्तित्व चर्वणेपुरतेच असते. चर्वणेच्या आधी तो नसतो, नंतरही नसतो. गिळण्याचा प्रश्न या दृष्टांतात उद्भवत नाही. पोट, रक्त, बळ, उद्याचा दिवस हे सारे त्या विचाराने जाणीवपूर्वक बाहेर ठेवले आहे, आणि काव्यानुभवाची स्वायत्तता सिद्ध करायची तर ते बाहेर ठेवणे आवश्यकही होते. ख्रिस्ती परंपरेत मात्र चर्वण हा मधला टप्पा आहे. बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी दुसरा गिगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी कल्पिली. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेत त्याची चव उतरते आणि चिंतन हीच ती गोडी, असे त्याचे विवरण आहे. मठांतील पाठवाचनाला जो लॅटिन शब्द होता त्याचा सरळ मराठी प्रतिशब्द 'रवंथ' हाच. (आपल्याकडे 'रवंथ' हा शब्द तीच तीच गोष्ट उगाळण्याबद्दल काहीशा तुच्छतेने वापरला जातो, हे आपल्या वाचनसंस्कृतीविषयी बरेच सांगून जाते.) गिगोही अखेर गोडीपाशीच येतो हे खरे, पण ती गोडी थकलेल्याला उभे करण्यासाठी आहे. रसिक तृप्त होऊन उठतो. यहेज्केल मात्र खाऊन कामाला लागतो.

आता हे रूपक मराठीत कोणत्या पात्रात वाढले गेले ते पाहू.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टीत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचा अनुवाद नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर लोकभाषांतील बायबलवाचनावर निर्बंध होते. स्टीफन्स यांनी कथा नव्याने रांधून पुराणाच्या पानावर वाढली. या ग्रंथाच्या मराठीस्तुतीच्या ओव्या आपण पाठ्यपुस्तकांतून पुष्कळ मिरवल्या. त्याच पहिल्या अवस्वरूतील दुसऱ्या एका प्रसंगाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले. तेथे एक नवख्रिस्ती माणूस म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्याजागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? ग्रंथाच्या निर्मितीचे कारण म्हणून हा प्रश्न येतो. तो भुकेचा प्रश्न आहे. आणि ही भूक नैसर्गिक नव्हे. सोळाव्या शतकातील गोव्यात देवळे पाडली गेली, ग्रंथ जप्त झाले, विधींवर बंदी आली. ज्या व्यवस्थेने ताट ओढून घेतले तिच्याच एका सेवकाने दुसरे ताट मांडले. स्टीफन्स यांच्या कवित्वाविषयीचा आदर कमी न करताही हे म्हणता येते, आणि म्हणायला हवे. विशेष म्हणजे, ग्रंथकर्त्याने तो प्रश्न दडपला नाही. श्रोत्याची उपासमार त्याने आपल्या ग्रंथाच्या दाराशीच नोंदवून ठेवली. ख्रिस्तपुराणाची थोरवी मला त्या स्तुतीच्या ओव्यांपेक्षा या नोंदीत अधिक दिसते.

अनुवादाच्या युगात प्रश्न वेगळा झाला. ग्रीक व हिब्रू मूळ शब्दांपुढे मराठीने 'भाकर' ठेवली. ही निवड साधी दिसते, पण तिच्यात मोठी समज आहे. हिब्रूतील शब्दाप्रमाणेच 'भाकर' एक पदार्थ आहे आणि एकूण उपजीविकाही आहे. 'भाकरीचा प्रश्न' म्हटले की जोंधळाच डोळ्यांपुढे येतो असे नाही. कोकणीत रोजच्या ख्रिस्तप्रार्थनेत याच ठिकाणी 'गिरास' म्हणजे घास आहे. पदार्थ बाजूला सारून तेथे तोंडात जाणारे मापच उचलले गेले. 'पाव' या शब्दाचा मार्ग मात्र बंदच होता. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसई-गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या शब्दाला धर्मांतराच्या भीतीचा वास होता. भाकरीने तो वास टाळला. मात्र नवी अडचण आली. ज्वारीच्या भाकरीला खमीर लागतच नाही. त्यामुळे खमिराचा दृष्टांत मराठी स्वयंपाकघरात शिरताना अडखळतो, आणि वल्हांडणाची 'बेखमीर भाकर' म्हणजे आपल्या रोजच्या भाकरीहून निराळी काय, हे प्रवचनकाराला समजावून सांगावे लागते. इजिप्तमधून घाईने निघालेल्या लोकांचे विशेष अन्न वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या फडक्यात रोज बांधलेले असते! अनुवादात काही हरवते असे आपण नेहमी म्हणतो. येथे मूळ संहितेला ठाऊक नसलेला एक अर्थ अनपेक्षितपणे हाती लागला आहे.

पंडिता रमाबाईंच्या संदर्भात हे रूपक सर्वाधिक अवघड होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत त्यांनी उपासमार झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. पुढे तेथेच त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. त्या १९२२ मध्ये वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडला. त्या अनुवादाचा कल्पित वाचक पंडित नव्हता. नुकतीच अक्षरओळख झालेली स्त्री होती. अन्न आणि वचन येथे एकाच आवारात, एकाच हाताने वाढले जात होते. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा याच परिस्थितीतून जन्मला आणि वऱ्हाडातील मिशनांच्या अनाथालयांनाही तो चिकटला. ख्रिस्ती लेखकांनी त्याला उत्तर देताना बहुधा पोटाला गौण लेखले : खरी भूक आत्म्याची, असे ते म्हणाले. हे उत्तर मला पटत नाही. ज्या ग्रंथात अरण्यातील भुकेल्यांना आधी मान्ना मिळतो आणि मग वचनाचा अर्थ कळतो, त्या ग्रंथाच्या वाचकाने पोटाची लाज बाळगण्याचे कारण काय? रमाबाईंचे काम त्या टोमण्याला वेगळेच उत्तर देते. दुष्काळातून आलेल्या मुलीला त्यांनी खायला घातले, वाचायला शिकवले आणि छापखान्यात कामाला लावले. खाणाऱ्या हातांनीच पुढे ग्रंथाची पाने छापली. वचन पचल्याचा याहून स्पष्ट पुरावा वाङ्मयेतिहासात सहसा सापडत नाही; तरीही आपल्या अनुवादमीमांसेत या ग्रंथाची चर्चा होते ती मुख्यतः शैलीच्या खडबडीतपणाविषयी.

याच्या तुलनेत नारायण वामन टिळकांचे वाचन आपल्याला जवळचे वाटते. राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकटा वाचक, हातात पुस्तक, मनाला भिडलेला मजकूर : हे वाचन आस्वादाच्या नमुन्यात सहज बसते, म्हणूनच समीक्षेने ते आपलेसे केले. लक्ष्मीबाईंची गोष्ट वेगळी. स्मृतिचित्रांत धर्मांतराचा प्रश्न वचनाच्या आधी ताटातून येतो. सोवळे, वेगळी चूल, कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या नाही, यांत त्यांचा खरा झगडा आहे. जातिभेद मनातून गळून पडतो तेव्हा पंगत बदलते आणि बाप्तिस्मा त्यानंतर येतो. मराठी समाजात अन्न हे कधीच केवळ पोषण नव्हते. कोण वाढतो आणि कोणासोबत बसून खायचे, हा त्याचा पहिला अर्थ होता. तेव्हा 'वचन हे अन्न' असे मराठीत म्हणताक्षणी पंक्तिभेदाचा प्रश्न त्या रूपकात शिरतो, मग बोलणाऱ्याची तशी इच्छा असो वा नसो. युरोपीय मठातल्या गिगोला ही अडचण नव्हती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे वेगळेपण शोधायचे असेल तर ते मला येथे दिसते. अभंग-ओवीच्या स्वीकारात ते जितके आहे त्याहून अधिक.

रूपकाची कसोटी अखेर एखाद्या ठिकाणी बसून वाचणाऱ्यापाशी लागते. अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमला जाताना लागणारे मेडशी हे मालेगाव तालुक्यातील गाव उदाहरणादाखल घेऊ. अकोल्याकडे अलायन्स मिशनचे आणि वाशीमकडे नाझरीन मंडळीचे काम झाले. वाशीमचे रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय त्या परिसराच्या स्मरणात आहे. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. या पट्ट्यातील वाचकाच्या हाती जे मराठी बायबल आले त्याची भाषा मात्र मुंबई-पुणे-नगरकडे घडलेली. घरात 'मले-तुले' बोलणाऱ्याने 'मला-तुला' मध्ये प्रार्थना करायची. पोथीची भाषा बोलीहून उंच असावी, ही अपेक्षा या भूमीत जुनी आहे, असे कोणी म्हणेल. पण जुना पुरावा नेमका उलटा आहे. चक्रधरांचा वावर मेहकर-लोणारच्या बाजूला होता आणि त्यांच्या बोलण्याचा लळा महानुभावांनी रिद्धपूरला जपला तो त्याच्या बोलीसकट. वचन पाठ करणे, आवर्तन करणे, हीच त्यांची उपासना होती. संस्कृतात लिहिण्याच्या प्रस्तावाला त्या पंथात विरोध झाला तो सामान्य बाईबापड्यांच्या तोंडचा घास जाईल म्हणूनच.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये राजहंसने प्रकाशित केले आणि त्याला अनुवादासाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचे वेगळेपण असे की ते चर्चबाहेरच्या मराठी वाचकालाही पंगतीला बोलावते. टिपा, प्रस्तावना, प्रवाही प्रमाण मराठी यांमुळे तो ग्रंथ साहित्य म्हणून वाचता येतो. त्याचे स्वागतही मुख्यतः आस्वादाच्या परिभाषेत झाले, आणि ते स्वाभाविक होते. अलीकडे वऱ्हाडी बोलीतही नव्या कराराचा अनुवाद झाला आहे. त्याची समीक्षा कोणत्या परिभाषेत करायची? प्रमाण मराठीत ज्याने वचन पाठ केले त्याला ते 'मले' या शब्दासह वाचताना स्वतःच्या घरचे वाटते, की पोथी खाली उतरल्यासारखी वाटते? मेडशीसारख्या गावात एकच कुटुंब आजीला एक प्रत वाचून दाखवते आणि मुलांना दुसरी, असे घडत असेल तर त्या दोन वाचनांत चव, पचन आणि पंगत यांपैकी नेमके काय बदलते, हे ऐकून, नोंदवून मगच बोलावे लागेल. ग्रंथालयात बसून दोन संहितांची शब्दशः तुलना करण्याच्या आपल्या सवयीला ते काम थोडे जड जाईल.