चित्रपटाभिनय आणि नाटकाची तालीम

चित्रपटात उतरू पाहणाऱ्या नटाने नाटकात शिकलेले सारे विसरावे, असा उपदेश वारंवार केला जातो. बृहन्महाराष्ट्रातील ज्या गावांत हौशी नाट्यमंडळ हीच अभिनयाची एकमेव शाळा, तेथील तरुणांस तो निराश करणारा आहे. आमच्या मते तो चुकीचाही आहे.

‘प्रभात’चे दोन बोलपट पाहावेत. ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये बालगंधर्व एकनाथ झाले. ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. दोघेही गायक नट, दोघेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, आणि दोघांच्याही वाट्याला आली ती संताचीच भूमिका. तरी बालगंधर्व अखेर रंगभूमीकडेच परतले, आणि पागनीसांचा तुकाराम १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचला. नाटकाची तालीम हाच दोष असता, तर तो दोघांनाही सारखाच भोवला असता.

या भेदाची कारणे अनेक असतील. आम्हांस त्यांतील एक महत्त्वाचे वाटते. बालगंधर्वांची कला समोरच्या रसिकांच्या प्रतिसादावर फुलत असे. कॅमेरा ‘वन्समोअर’ देत नाही. पागनीस गातात ते विठ्ठलासाठी. कोणी ऐकत आहे याची दखलही त्यांच्या मुद्रेवर उमटत नाही.

‘चित्रपटात अभिनय कमी करावा’ हे सूत्रही अपुरे आहे. त्याच चित्रपटात गौरी यांची जिजाई कडाडते, हातवारे करते, प्रत्यक्ष देवाशी भांडते. पण ती कोठेही नाटकी वाटत नाही, कारण तिचा राग नवऱ्यावर आणि देवावर आहे, प्रेक्षकांसाठी नाही. तेव्हा प्रश्न अभिनयाच्या मात्रेचा नसून तो कोणास उद्देशून आहे, याचा आहे. शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोहोचविण्याचे काम कॅमेराच करतो. नटाने टाकायचे ते एवढेच ओझे. स्पष्ट उच्चार, श्वासावरील ताबा आणि पाठांतर ही नाटकाची देणगी त्याने जपावी.

शिक्षकांनी यासाठी तीन अभ्यास करवून घ्यावेत. एकच उतारा प्रथम भरल्या सभागृहास, मग शेजारी बसलेल्या एका माणसास म्हणून दाखवावा. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, म्हणून प्रवेश मधूनच सुरू करावा आणि आधी काय घडले ते मनात धरावे. तुकडे पुढे जोडले जातात, म्हणून ठराविक शब्दावर ठराविकच हालचाल पुनःपुन्हा करावी, आणि तरीही ती शिळी होऊ देऊ नये.

या अभ्यासांस स्टुडिओ लागत नाही. गावच्या शाळेची खोली पुरते.