फॉव्हेलची चावी आणि गळालेले खवले

पॉलिकीटांवर काम सुरू केलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सीनियर एक जाडजूड झेरॉक्स हातात ठेवतो. पिएर फॉव्हेल यांचं ‘फॉना ऑफ इंडिया’ मालिकेतलं पुस्तक, अलाहाबाद, १९५३. पानं पाचशेच्या वर. ते वापरावं का? वापरावंच. पण ज्या भक्तिभावाने आपण ते वापरतो, त्याच्याशी माझं भांडण आहे.

स्केल वर्म घ्या. बीएस्सीला नेरिस शिकलो, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. फक्त पाठीवर कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या चकत्या असतात. त्या म्हणजे एलिट्रा. त्या प्रत्येक खंडावर नसतात. पॉलिनॉइडी कुळात साधारणपणे २, ४, ५, ७ आणि मग एकाआड एक करत २३व्या खंडापर्यंत. मोजून बघा, १२ जोड्या होतात. हा लेपिडोनोटस. पुढे २६, २९, ३२ धरले की १५, म्हणजे हार्मोथोई. बाकीच्या खंडांवर चकतीच्या जागी लांब सिरस.

चावी हीच संख्या विचारते, आणि नेमकी तीच हातात नसते. किडा नुसता चिमट्यात धरला तरी खवले टाकतो. करकंबच्या माणसाला आधी समुद्रच नवा; त्यात मी सुरुवातीला ट्रेच्या तळाशी पडलेल्या चकत्या मोजत बसायचो! चकती गेली तरी तिचा बुंधा, एलिट्रोफोर, खंडावर राहतो. मोजायचा तो. शिवाय डोकं बघा: बाजूच्या दोन मिशा लेपिडोनोटसमध्ये डोक्याच्या पुढच्या कडेतूनच निघतात, हार्मोथोईत कडेच्या खालून. खवले नसले तरी हा फरक दिसतो.

खरी तक्रार नावांची. फॉव्हेल यांनी १९२३ आणि १९२७ मध्ये फ्रान्सचे पॉलिकीट लिहिले होते, आणि त्या काळी एकच जात जगभर असते असं मानणं सहज होतं. त्यामुळे युरोपातली नावं आपल्या किनाऱ्यावर येऊन बसली. स्केल वर्मच्या बाहेरचं उदाहरण: मार्फिसा सँग्विनिया. हिचं मूळ वर्णन १८१३ चं, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं. आता ती ईशान्य अटलांटिकपुरतीच धरतात. आपल्या याद्यांत मात्र नाव तसंच पुढे चाललंय. यात फॉव्हेल यांच्यापेक्षा नंतर नुसतं उतरवून घेणाऱ्यांचा दोष जास्त.

वर्गीकरणही हललंय. त्यांनी सगळे स्केल वर्म ॲफ्रोडिटिडी या एकाच कुळात ठेवले. आज पॉलिनॉइडी, सिगॅलिऑनिडी ही वेगळी कुळं आहेत. गंमत म्हणजे डीएनएने पिसिओन हा खवलेच नसलेला किडासुद्धा सिगॅलिऑनिडीत नेऊन बसवला.

म्हणून चावी वंशापर्यंत चालवा. जातीचं नाव लिहिण्याआधी मूळ वर्णन उघडा, नमुना कुठल्या किनाऱ्यावरचा होता ते बघा. जुळत नसेल तर ‘लेपिडोनोटस स्पी.’ लिहून नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलात तर पुढे डीएनए काढताना रडाल.