तंबोरा, अठ्ठ्याहत्तर आणि उसाचा ट्रॅक्टर : महागड्या टर्नटेबलांची आपली परीक्षा

(कोपरगाव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा काही जण हसले असतील. उसाच्या भावावर बोलायचं सोडून कोपरगावात लाखालाखाच्या टर्नटेबलांवर व्याख्यान कसलं? शंका रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, मी काही विकायला आलेलो नाही. नाटकाची, पुस्तकाची समीक्षा करतो तशी मला या यंत्रांची करायची आहे. कारण गेल्या काही वर्षांत रेकॉर्ड पुन्हा आल्या आहेत. नव्या छापल्या जातायत, जुन्या माळ्यावरून उतरवल्या जातायत. आणि मग घरातला मुलगा विचारतो, "बाबा, प्लेयर कोणता घेऊ?" बाजारात काही हजारांपासून कोटीच्या पुढेपर्यंत यंत्रं आहेत. उत्तर कुठे शोधायचं? इंग्लंड-अमेरिका-जपानच्या परीक्षणांत. ती परीक्षणं प्रामाणिक असतात, पण ऐकलेलं असतं जॅझ, पियानो, सिंफनी. त्यांचे कान त्यांच्या संगीतावर तयार झालेत. आपलं गाणं, आपल्या रेकॉर्डी आणि आपली घरं लावून पाहिली तर निकाल तोच लागेल का? मला वाटतं, नाही लागणार.

आधी पाया पक्का करू. टर्नटेबलला कामं तीनच. रेकॉर्ड ठरलेल्या वेगाने, न डगमगता फिरवायची. स्वतः आवाज करायचा नाही. आणि सुई खाचेत नीट धरून ठेवायची. बस्स. या यंत्राने गाण्यात काही घालायचं नसतं. म्हणजे उत्तम टर्नटेबल याचा अर्थ कमीत कमी चुका करणारं टर्नटेबल. "याने गाण्याला गोडवा येतो" असं विक्रेता म्हणाला, की समजायचं, एकतर तो चुकतोय नाहीतर यंत्र.

आता घराणी बघू. हो, यांचीही घराणी आहेत, आणि भांडणंही घराण्यांसारखीच.

पहिलं घराणं रबरी चाकाचं. मोटर एक रबरी चाक फिरवते आणि ते चाक थाळीला आतून रेटतं. पन्नाशीच्या दशकातला इंग्लंडचा गॅरार्ड ३०१ हा त्याचा बुजुर्ग. स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचा टीडी १२४ हा चुलतभाऊ. त्याने पट्टा आणि चाक दोन्ही वापरले. दुसरं घराणं पट्ट्याचं आणि स्प्रिंगचं. १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी थाळी आणि टोनआर्म एकत्र स्प्रिंगवर तरंगत ठेवले. तीच कल्पना पुढे नेत ग्लासगोच्या लिन कंपनीने १९७३ मध्ये एलपी १२ काढला. त्याच १९७३ मध्ये इंग्लंडात रेगा सुरू झाली, आणि तिने नेमकं उलट सांगितलं : स्प्रिंग नको, वजन नको, यंत्र हलकं आणि ताठ हवं. तिसरं घराणं जपानचं. मोटरच्या दांड्यावरच थाळी. टेक्निक्सचा एसपी १० हा १९७० चा, एसएल १२०० हा १९७२ चा. आणि चौथं घराणं वजनदारांचं. एसएमई, टेकडास वगैरे. जड थाळ्या, काहींत हवेवर तरंगणारं बेअरिंग. किमतीही तशाच.

आता आपली पहिली कसोटी : तंबोरा.

पियानोचा स्वर वाजला की विझायला लागतो. तंबोरा वेगाची बारीक थरथर लपू देत नाही. तो अखंड चालू असतो, आणि षड्ज जरा डळमळला की कान लगेच दचकतो. गायकाचा लांब ठेवलेला स्वर, पेटीचा भाता, सगळं तसंच. एक अर्धस्वर म्हणजे वेगात साधारण सहा टक्के फरक. या हिशेबाने अर्धा टक्का म्हणजे अर्धस्वराचा बारावा हिस्सा. पण तो दर फेरीला वर-खाली होत राहिला, तर तंबोरा झोका घेतल्यासारखा ऐकू येतो.

या कसोटीवर टेक्निक्सचं घराणं पहिलं. १९७९ च्या एसएल १२०० एमके २ मध्ये क्वार्ट्झ स्फटिकाचं नियंत्रण आलं, आणि वेगातली चढउतार कंपनीच्या मोजमापाने ०.०२५ टक्का. इंग्लंडातल्या हाय-फाय मंडळींनी त्या काळी या घराण्याला नाकं मुरडली. डीजे लोक वापरतात म्हणून पुढे ते आणखी खालच्या जातीचं ठरलं. २०१० मध्ये ते बंद झालं. २०१६ मध्ये एसएल १२०० जी म्हणून परत आलं, चार हजार डॉलरला! आणि तेच परीक्षक कौतुक करू लागले. किंमत वाढली की पत वाढते, हे फक्त लग्नाच्या बाजारातच होतं असं नाही.

पण इथेच एक गोष्ट परीक्षणांतून बहुधा सुटते. रेकॉर्डचं मधलं भोक. ते बरोबर मध्यावर नसेल, समजा अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर मध्यापासून दहा सेंटिमीटरवरच्या खाचेत वेग अर्धा टक्का वर, अर्धा टक्का खाली होतो. दर फेरीला, म्हणजे दर १.८ सेकंदांनी. बघा, यंत्राची चूक ०.०२५ आणि भोकाची ०.५. वीसपट! मग पाच लाखांचं यंत्र काय करणार? जपानच्या नाकामिचीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीएक्स १००० नावाचं यंत्र काढलं होतं; ते भोकाची चूक मोजून थाळी स्वतःच सरकवायचं. आजच्या कोटी-कोटीच्या बहुतेक यंत्रांत ही सोय नाही. वाजवताना टोनआर्म डावी-उजवीकडे डोलताना दिसला, की समजा, दोष तुमच्या खिशाचा नाही, भोकाचा आहे.

दुसरी कसोटी : अठ्ठ्याहत्तर.

एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आली. पन्नाशीचं दशक संपता संपता पश्चिमेत ७८ च्या रेकॉर्डी मावळल्या. आपल्याकडे मात्र साठच्या दशकातही कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून ७८ निघत होत्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा. आपलं नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, कीर्तन, अब्दुल करीम खाँसाहेबांची, हिराबाईंची सुरुवातीची गाणी, हा सगळा ठेवा लाखेच्या तबकडीवर, तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत आहे. त्यातल्या अनेक मुद्रणांच्या बाबतीत आज हाती उरली आहे ती फक्त तबकडी. तीच मूळ प्रत. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी अशा तबकड्या गोळा करून त्यांच्या याद्या केल्या, लोकांना ऐकवल्या. त्यामुळे बरंच वाचलं.

आता विचारा, कुठलं महागडं यंत्र ७८ वाजवतं? लिनचा एलपी १२ नाही वाजवत. रेगा प्लॅनर ३ नाही. रेगाने त्यासाठी प्लॅनर ७८ हे वेगळंच यंत्र काढलं. गॅरार्ड ३०१, थोरेन्स टीडी १२४ वाजवतात. टेक्निक्सचा १२०० जी वाजवतो. एसएमईचं मॉडेल ३० वाजवतं. शिवाय जुन्या ७८ सगळ्या ७८ नेच मुद्रित झाल्यात असंही नाही. सुरुवातीच्या काळात वेग बराच मागेपुढे असायचा. म्हणून वेग थोडा कमी-जास्त करायची सोय हवी, नाहीतर बुवांचा आवाज बाल गायकाचा होतो. ही सोय ३०१ मध्ये आहे, टेक्निक्समध्ये आहे.

आणि सुई! हे कृपया घरी जाऊन सांगा. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा साधारण तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्यात लावली तर ती तळाशी घासत जाते, खरखरच वाचते. उलट, जुन्या ग्रामोफोनची लोखंडी पिन एलपीवर टेकवली तर एलपी संपलीच. म्हणजे सुई बदलता आली पाहिजे. टेक्निक्सवर पुढची टोपी फिरवून सुटते, दुसरी लावता येते, मिनिटाचं काम. रेगाच्या अखंड टोनआर्मवर त्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसावं लागतं. परीक्षणात हा मुद्दा एका ओळीत येतो. आपल्यासाठी तो निम्मा निकाल आहे.

तिसरी कसोटी : उसाचा ट्रॅक्टर.

गळीत हंगामात कोळपेवाडीकडे, सहजानंदनगरकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातात. रस्त्याकडेच्या घरात भांड्यांना कंप येतो. सुईला येणार नाही? इथे लिनची स्प्रिंग खरी कामाला येते, कंप अडवते. पण लाकडी माडीच्या जुन्या वाड्यात कोणी चालत आलं, की तीच स्प्रिंग झुलायला लागते आणि सुई उडी मारते. त्यावर उपाय भिंतीतल्या फळीचा. त्यात या स्प्रिंगा जुळवणं हे जाणकाराचं काम, आणि तसा हात तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही. माझं मत स्पष्ट सांगतो : एलपी १२ हे सुंदर यंत्र आहे, पण ज्या गावात त्याचा वैद्य नाही तिथे ते घेऊ नये.

गॅरार्डचं तसं नाही. त्याचं रबरी चाक, बेअरिंग, दांडा हे साखर कारखान्याच्या परिसरातल्या कुठल्याही चांगल्या लेथवाल्याला समजेल असं काम आहे. पण त्याची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. पूर्वी आपल्याकडे ती बरीच घसरायची. ५० ची ४८.५ झाली की वेग तीन टक्के खाली, म्हणजे गाणं जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने उतरलं. आता देशभराचं ग्रिड एक झाल्यावर ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवतात. पण वीज गेली आणि जनरेटर लावला तर मात्र राम भरोसे! क्वार्ट्झवाल्या टेक्निक्सला याचं काही वाटत नाही. फक्त त्याचा सर्किट बोर्ड गेला तर लेथवाला हात जोडतो.

आता एक आपल्या जवळची गोष्ट. वजनदारांच्या घराण्यातली एसएमई ही इंग्लंडची नामांकित कंपनी २०१६ मध्ये पुण्याच्या अजय शिर्के यांच्या कॅडन्स समूहाकडे आली. क्रिकेटच्या कारभारामुळे हे नाव तुम्हाला माहीत आहे. २०१८ मध्ये गॅरार्ड हे नावही त्यांच्याकडेच आलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण समीक्षक म्हणून माझी अपेक्षा वाढते. मालकी पुण्यात आली. आता या यंत्रांची परीक्षा तंबोऱ्यावरही व्हावी, आणि ७८ ची सुई ही हौशी लोकांची चैन न राहता सोबतच मिळावी.

तर निकाल. एलपी आणि ७८ दोन्ही घरात असतील तर टेक्निक्सचं घराणं, नवं किंवा नीट पारखलेलं जुनं. प्रामुख्याने ७८ असतील आणि हाताशी कारागीर असेल तर गॅरार्ड. फक्त एलपी असतील, बजेट बेताचं असेल, तर रेगा; साधं, प्रामाणिक यंत्र. वजनदार यंत्रं ज्यांना परवडतात त्यांनी जरूर घ्यावीत, त्यांची शांतता खरी आहे. पण त्या शेवटच्या लाखांनी जे मिळतं, ते धुळीच्या एका थराने पुसलं जातं. आपली काळी माती, तिची धूळ, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली वाकणाऱ्या एलपी! आधी रेकॉर्डी उभ्या ठेवा, सावलीत ठेवा, धुवा. मग योग्य सुई. मग यंत्र. या क्रमाने पैसे खर्चा.

१९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर एक तबकडी पाठवली. तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्या तबकडीसोबत नासाने कार्ट्रिज आणि सुईसुद्धा पाठवली, आणि किती वेगाने फिरवायची ते चित्र काढून कोरलं. परग्रहावरच्या ऐकणाऱ्याची जेवढी काळजी घेतली, तेवढी आपण नातवंडांची घेऊ. माळ्यावरच्या पेटीत रेकॉर्डींसोबत योग्य सुई ठेवा आणि वेगाची एक चिठ्ठी ठेवा.

(श्रोत्यांच्या प्रश्नांतून)

प्रश्न : मोबाईलवर हीच गाणी फुकट मिळतात. मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तर : जी मिळतात ती खुशाल ऐका, मीही ऐकतो. पण मोबाईलवर आलेलं प्रत्येक जुनं गाणं कोणीतरी, कुठल्यातरी सुईने, कुठल्यातरी वेगाने वाजवूनच तिथे चढवलेलं आहे. सुई चुकली असेल तर ती खरखर कायमची. आणि जी मिळत नाहीत ती कदाचित तुमच्याच माळ्यावर आहेत.

प्रश्न : आजोबांची रेकॉर्ड तडकली आहे. वाजवावी का?

उत्तर : घाईने नको. तडकलेल्या ७८ वर सुई अडकली तर दोन्ही जातात. ती सपाट ठेवा, आणि नीट यंत्र असलेल्या संग्राहकाकडून एकदाच वाजवून मुद्रित करून घ्या. एकदाच, पण बरोबर.