‘गोअन क्रेझी’चे यश : एक विचार

ग्रंथाचा खप आणि ग्रंथाची योग्यता यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हा सिद्धान्त आपल्या समीक्षेत इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असे सहसा कोणास वाटत नाही. या सिद्धान्तास अडचणीत आणणारे एक उदाहरण गोमंतकातच घडून गेले आहे. परंतु ते इंग्रजी रॉक संगीताच्या प्रांतातले असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना ते आपले वाटले नसावे. शिवोलीचे रेमो फर्नांडिस यांचा १९८४ साली निघालेला ‘गोअन क्रेझी’ हा पहिला गीतसंग्रह, हे ते उदाहरण होय.

रॉक म्हटले की वाद्यवृंद डोळ्यांसमोर येतो. कुणी ढोल सांभाळतो, कुणी गिटार, कुणी गातो. आणि त्यांच्या एकत्र येण्यातून जो आवेश निर्माण होतो तोच या संगीताचा प्राण मानला जातो. रेमो यांनीही मुंबईत वास्तुशास्त्राचा अभ्यास करीत असताना ‘सॅव्हेजेस’सारख्या वृंदातून वादन केले होते. पुढे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस युरोप व उत्तर आफ्रिका पायाखाली घालून ते गोव्यात परतले. ‘गोअन क्रेझी’त मात्र वृंद नाही. शिवोलीच्या राहत्या घरी, साध्या कॅसेटवर चार पदर स्वतंत्रपणे मुद्रित करणाऱ्या एका छोट्या यंत्राच्या साहाय्याने, एकाच माणसाने एकामागून एक सारी वाद्ये वाजविली आणि सारे आवाज गायिले. या यंत्राची रीत अशी की तीन पदर भरले म्हणजे ते एकत्र करून चौथ्यावर उतरवावयाचे आणि मोकळ्या झालेल्या तीन पदरांवर पुन्हा नवे वादन घ्यावयाचे. प्रत्येक उतरवणीत आवाजाची थोडी झळाळी जाते व फितीची खरखर वाढते. म्हणून अशी कामे करणारास वाद्यांची गर्दी परवडत नाही. शब्द स्वच्छ ऐकू येतील एवढीच साथ ठेवणे त्यास भाग पडते. जे दारिद्र्य म्हणून आले तेच येथे गुणाच्या रूपाने स्थिरावले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कारण या गीतांचा सारा भार शब्दांवर, म्हणजेच त्यांतील थट्टेवर आहे.

मुद्रण झाल्यावरचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. संग्रहाचे वेष्टन रेमो यांनी स्वतःच सजविले आणि कॅसेटी आपल्या पिवळ्या स्कूटरवर घालून ते दुकानोदुकानी पोहोचविते झाले. ऐंशीच्या दशकारंभी कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय तबकड्यांच्या मोठ्या कारखानदारांच्या हातून सुटू लागला होता. थोड्या प्रती काढाव्यात, खपल्या तर आणखी काढाव्यात, हे प्रथमच एकट्या माणसाच्या आवाक्यात आले. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’सारख्या चक्रमुद्रित अनियतकालिकाने कवितेच्या बाबतीत काहीसे असेच धाडस केले होते, पण त्याचे वाचक बहुतांशी स्वतः कवी होते. येथे गिऱ्हाईक होते म्हापशाच्या नि पणजीच्या बाजाराला येणारे. आणि त्यांनी ती कॅसेट घेतली, घरी नेली, वाजविली.

ती का घेतली? नावीन्यामुळे, असे सोपे उत्तर दिले जाते. ते मला पटत नाही. इंग्रजी गाण्यांचे गोव्याला कधीच अप्रूप नव्हते. परदेशी तबकड्या जहाजावरच्या खलाश्यांबरोबर घरोघर येतच होत्या. अप्रूप होते ते त्या सुरांत आपल्या गावची गोष्ट ऐकू येण्याचे. त्या काळच्या एका गीतात रेमो टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल यालाच उद्देशून गातात, आणि गोव्यातल्या टेलिफोनची अवस्था त्याच्या कानी घालतात. हे ऐकताना डिचोली-पेडण्याच्या श्रोत्यास दशावतारातील संकासुर आठवल्यावाचून राहत नाही. वेद चोरावयास आलेला हा काळा असुर विष्णूशी झुंजण्याआधी गावच्या उण्यादुण्यांचा समाचार घेतो, आणि समोर बसलेली मंडळी आपल्यावरच हसतात. खुद्द शिवोलीच्या जागराची सोंगे तर हिंदू व ख्रिस्ती मिळून नाचवितात. रेमो यांनी ती परंपरा डोळ्यांसमोर ठेवली होती असा माझा दावा नाही. परंतु श्रोत्यांच्या अंगी ती मुरलेली होती. भाषा इंग्रजी आहे, गायक ख्रिस्ती आहे, म्हणून हे गाणे परके, असे म्हणणाऱ्यांनी मुळगावच्या केळबाईची कथा आठवावी. शिरगावची लईराई तिची बहीण, आणि सात बहिणींपैकी एक म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या रूपाने आजही तेल घेते. लोकांनी हे नाते कधीच तोडले नाही.

तेव्हा या यशाचे मर्म संबोधनात आहे. ज्याला हे गाणे ऐकवावयाचे त्याला गायक ओळखत होता, आणि दुकानाच्या फळीपाशी त्याला तोंडही देणार होता. अशा वेळी खप हा रचनेच्या बाहेरचा अपघात राहत नाही. थट्टा लागली की नाही याची ती पावतीच असते. पुढे ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) हे संग्रह आले, १९८७ च्याच ‘जलवा’ चित्रपटातून हा आवाज देशभर गेला, १९९५ च्या ‘बॉम्बे’तील गीताने तो घरोघर पोहोचला, २००७ साली पद्मश्रीही मिळाली. आवाज तोच आहे, किंबहुना अधिक तयारीचा आहे. परंतु चित्रपटगीतातील रेमो कोणाशी बोलत आहेत, हे सांगता येत नाही. पहिल्या संग्रहाची ओबडधोबड फीत मला या साऱ्यांहून श्रेष्ठ वाटते ती याच कारणाने.

गोमंतकातील आपली मराठी पुस्तके आठवून पाहिली म्हणजे ही तुलना बोचू लागते. अनुदान मिळते, प्रती छापल्या जातात, प्रकाशनसमारंभी शाल-श्रीफळ होते, आणि उरलेले गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर चढतात. डिचोलीच्या बाजारातल्या दुकानदाराला ते पुस्तक कोणी दाखविलेलेच नसते. मग न खपण्यालाच आपण अभिरुचीचा पुरावा मानतो. पुस्तक पिशवीत घालून दारोदार फिरणे आपल्याला कमीपणाचे वाटते. लिहिताना कोणता वाचक समोर होता, हा प्रश्न त्यामुळे आपोआपच टळतो.

तथापि ‘गोअन क्रेझी’चा गोवा हा मुख्यतः किनाऱ्याचा गोवा आहे, हे नमूद केलेच पाहिजे. समुद्र, पाहुणे, त्यांचे चाळे, आणि त्यांच्याकडे पाहणारा मिश्किल बार्देशकर. त्याच वर्षी मये-मुळगाव-शिरगावच्या पट्ट्यात खनिजाचे ट्रक धूळ उडवीत होते आणि खाणीचा गाळ भातशेतीत उतरत होता. तो गोवा या थट्टेच्या टप्प्यात येत नाही. दुसऱ्याच वर्षी आलेल्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये रेमो परंपरागत गोमंतकीय गीतांकडे वळले, तेथे सुरांचा पैस वाढला, पण खोडकर निवेदक गप्प झाला. मुळगावचा निवेदक इंग्रजीत मिळाला नाही याची तक्रार रेमो यांच्याकडे करता येणार नाही. त्या गावात पत्रे, पोथ्या आणि भजने मराठीतच चालत आली आहेत.